निवासी डॉक्टरांचा बर्नआउट: ३६ तासांच्या ड्युटीत नेमकं काय होतं आणि त्यातून सावरायचं कसं?

वडूजमध्ये रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर पहिला थांबा असतो ग्रामीण रुग्णालय. तिथून गरज पडली तर सातारा, कराड, मिरज किंवा थेट पुणे. या मोठ्या रुग्णालयांत रात्री तीन वाजता पेशंटजवळ सर्वात आधी जो डॉक्टर येतो, तो बहुतेक वेळा शिकाऊ असतो. तो इंटर्न असतो किंवा एमडी-एमएस करणारा निवासी डॉक्टर. तो त्या वेळी किती तास जागा आहे, हे आपण सहसा विचारत नाही.

खटाव-माणसारख्या दुष्काळी पट्ट्यातल्या अनेक घरांतली मुलं-मुली आज याच ड्युट्या करत आहेत. मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होतेय याचा घरात आनंद असतो. मग एक दिवस फोन येतो, ‘मला नाही जमणार, मी सोडून येतो.’ हा आळस आहे, आजार आहे की आणखी काही? अशा वेळी काय करायचं? ते समजून घेऊ.

थोडक्यात

- बर्नआउट म्हणजे कामाच्या दीर्घकाळच्या ताणातून आलेली अवस्था. जागतिक आरोग्य संघटना तिला आजार मानत नाही, कामाशी जोडलेली समस्या मानते.
- निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांबद्दल भारतात १९९२ पासून लेखी सूचना आहे. ती क्वचितच पाळली जाते.
- सुट्टी आणि झोप गरजेची आहे, पण परत त्याच वेळापत्रकात गेल्यास त्रास पुन्हा उद्भवतो. सावरण्यासाठी कामही बदलावं लागतं.
- नैराश्य, आत्महत्येचे विचार किंवा छळ असेल तर तो बर्नआउटच्या पुढचा प्रश्न आहे. त्यावरचे उपाय वेगळे आहेत.
- मोफत मदत, २४ तास, मराठीतही: टेली-मानस, १४४१६.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द या अर्थाने रूढ केला तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. मोफत दवाखान्यात मनापासून काम करणारे लोक काही काळाने कसे रिकामे होत जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ते मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. आजही जगभर तीच सर्वात जास्त वापरली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात तीन खुणा आहेत:

१. शक्ती संपल्यासारखं वाटणं. झोप झाली तरी थकवा जात नाही.

२. कामापासून मन तुटणं. पेशंट ‘बेड नंबर १२’ होतो. नातेवाइकांचा प्रश्न ऐकला की चीड येते, मनात कडवटपणा येतो.

३. आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आदल्या वर्षी सहज जमणारं कामही जड जातं.

वडूजकडच्या माणसाला हे विहिरीवरून चटकन कळेल. दिवसभर मोटर चालवली तरी रात्रीत पाझर लागून पाणी वर येतं. रात्रीही मोटर बंद केली नाही तर विहीर तळ दाखवते. त्यात विहिरीचा दोष नसतो.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण?

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. पुढे नीट-पीजी देऊन एमडी किंवा एमएसला प्रवेश घेतला की तीन वर्षं तो ‘ज्युनिअर रेसिडेंट’, म्हणजे निवासी डॉक्टर. कागदोपत्री तो विद्यार्थी असतो आणि स्टायपेंड घेतो. प्रत्यक्षात वॉर्ड, कॅज्युअल्टी, ओपीडी आणि लेबर रूम त्याच्याच जोरावर चालते.

यातही सर्वात जास्त भार पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरवर, म्हणजे ‘जेआर वन’वर असतो. रक्ताचे नमुने पाठवणं, रिपोर्ट गोळा करणं, केसपेपर लिहिणं, राउंडची तयारी, रक्तपेढीत धावपळ, डिस्चार्ज कार्ड हे सगळं तोच करतो. यातलं बरंचसं काम डॉक्टरकीचं नसतंच. वॉर्डबॉय, टेक्निशियन आणि कारकून पुरेसे नसले की ते त्याच्या अंगावर येतं.

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालयही त्यालाच जोडलेलं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच नव्हे, तर सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट तिथे येतात. साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते अगदी अलीकडे. इतकी वर्षं या सगळ्या पट्ट्यातला गंभीर पेशंट काही मोजक्याच ठिकाणी जात होता. तिथल्या निवासी डॉक्टरांवर भार का पडतो, याचं एक कारण हे आहे.

तासांचं गणित

सरकारी रुग्णालयातल्या मेडिसिन, सर्जरी किंवा स्त्रीरोग विभागातल्या एका जड आठवड्याचं उदाहरण घेऊ. आठवड्यात दोनदा इमर्जन्सी आली तर हिशोब असा होतो:

- सोमवार सकाळी ८ ते मंगळवार रात्री ८: ३६ तास
- बुधवार: १२ तास
- गुरुवार सकाळी ८ ते शुक्रवार रात्री ८: ३६ तास
- शनिवार: १२ तास
- रविवारी सकाळचा राउंड: ५ तास

एकूण १०१ तास. आठवड्यात असतात १६८. उरलेल्या ६७ तासांत झोप, जेवण, आंघोळ, अभ्यास, थिसिस आणि घरचा फोन. सगळे विभाग इतके जड नसतात. त्वचारोग किंवा पॅथॉलॉजीत चित्र बरंच हलकं असतं. पण जिथे इमर्जन्सी आहे, तिथे हा हिशोब कुणालाही अतिशयोक्तीचा वाटणार नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) नेमलेल्या कृती गटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर देशभर ऑनलाइन सर्वेक्षण केलं. अहवाल २०२४ मध्ये आला. पदवीच्या २५,५९० आणि पदव्युत्तर ५,३३७ विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनी आठवड्याला ६० तासांहून जास्त काम असल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त जणांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. आत्महत्येचे विचार मनात आल्याचं पदवीच्या सुमारे १६ टक्के, तर पदव्युत्तर सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी नोंदवलं. ज्यांना त्रास आहे तेच अशा सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात, असं होऊ शकतं. तसं धरूनही हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

मुलंच नाजूक झालीत का?

‘आमच्या वेळी आम्ही ४८ तास उभे राहायचो’ हे वाक्य प्रत्येक निवासी डॉक्टरने ऐकलेलं असतं. ते खरंही असतं. पण अमेरिकेतल्या एका अभ्यासाने हा प्रश्न वेगळ्या प्रकारे तपासला. श्रीजन सेन आणि सहकाऱ्यांनी १३ रुग्णालयांतल्या ७४० इंटर्नना कामावर रुजू होण्याआधी आणि वर्षभरात ठरावीक अंतराने तेच प्रश्न विचारले. रुजू होण्याआधी नैराश्याची लक्षणं ३.९ टक्के जणांत होती. इंटर्नशिपच्या वर्षात हे प्रमाण सरासरी २५.७ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

माणसं तीच होती. बदललं ते त्यांचं काम.

थकलेल्या डॉक्टरमुळे पेशंटचं काय होतं?

सलग १७ तास जागं राहिल्यावर हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो आणि २४ तासांनंतर ०.१ टक्का असल्यासारखा, असं १९९७ मधल्या एका प्रयोगात दिसलं. भारतात गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारू पिऊन ज्या अवस्थेत स्कूटर चालवणं गुन्हा आहे, त्याहून वाईट अवस्थेत एखादा डॉक्टर पहाटे सलाइनमध्ये औषध भरत असतो.

बोस्टनमधल्या अतिदक्षता विभागांत इंटर्नच्या दोन वेळापत्रकांची तुलना झाली. २४ तासांहून लांब ड्युट्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त आढळल्या. हे संशोधन २००४ चं.

धोका डॉक्टरलाही असतो. लांब ड्युटी संपवून घरी जाताना इंटर्नच्या गाडीला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते, असं २००५ च्या अभ्यासात दिसलं. म्हणून नाइट संपवून मिरजेहून वडूजला बाइकवर निघालेल्या मुलाला ‘झोप काढ, मग एसटीने ये’ म्हणणं ही साधी, पण मोठी मदत आहे.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. ड्युट्या लहान केल्या की पेशंट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जास्त वेळा सोपवला जातो आणि त्यात माहिती निसटू शकते. अमेरिकेत २०१६ आणि २०१९ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, आठवड्याची ८० तासांची मर्यादा कायम ठेवून एकेका ड्युटीची लांबी सैल केली, तर पेशंटच्या मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून नुसते तास कमी करून भागत नाही. ड्युटी बदलताना पेशंटची माहिती नीट लिहून देण्याची सवयही लागते.

नियम काय सांगतात?

भारत, १९९२: केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जून १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार काम साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नसावं. त्यातच ‘तास लवचिक असतील’ अशी मुभाही आहे. ती मुभाच पुढे नियम झाली.

भारत, २०२३: एनएमसीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आहेत, आकडा नाही. वर्षाला २० किरकोळ रजा आणि कामाच्या निकडीनुसार आठवड्याला एक सुट्टी दिली आहे.

भारत, २०२४: वर उल्लेख केलेल्या कृती गटाने कमाल ७४ तासांची शिफारस केली. एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस १०-१० तास आणि एक दिवस सुट्टी. पण ही शिफारस आहे.

अमेरिका: न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर लांब ड्युटीवर होते. वडिलांनी लढा दिला आणि १९८९ मध्ये त्या राज्यात ८० तासांची मर्यादा आली. २००३ पासून ती देशभर लागू झाली.

युरोपीय संघ: सरासरी ४८ तास. शिकाऊ डॉक्टरांना ही मर्यादा टप्प्याटप्प्याने, २००९ पर्यंत लागू झाली.

महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ हे प्रश्न वारंवार मांडते. जानेवारी २०२३ च्या संपात वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदं निर्माण करणं आणि वसतिगृहांची दुरवस्था दूर करणं या मागण्या होत्या. बातम्यांत संप दिसतो, पण माणसं कमी असली की तास आपोआप वाढतात, हा त्यामागचा हिशोब दिसत नाही.

बर्नआउट, नैराश्य की छळ?

तिन्हींत माणूस बाहेरून सारखाच दिसतो, पण उपाय वेगळे आहेत.

बर्नआउट कामाशी बांधलेला असतो. दोन-चार दिवस रजेवर घरी आल्यावर मुलगा हसतो, जेवतो, मित्रांकडे जातो. परतायचा दिवस जवळ आला की पुन्हा गप्प होतो.

नैराश्य सगळीकडे सोबत येतं. आवडत्या गोष्टींतही रस उरत नाही. भूक आणि झोप बिघडते, स्वतःबद्दल अपराधी वाटत राहतं. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायला हवा. हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. बर्नआउटमधून नैराश्यात जाणं सहज घडतं, म्हणून ‘ताण आहे, जाईल’ म्हणून थांबू नये.

छळ म्हणजे सीनियरकडून अपमान, जातीवरून टोमणे, मुद्दाम लादलेल्या ड्युट्या, लैंगिक त्रास. यावर विश्रांती हा उपाय नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरने जीवन संपवलं. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अशा वेळी तक्रार लेखी हवी, तारखांसह हवी आणि तिची पोच घ्यायला हवी. कॉलेजची रॅगिंगविरोधी समिती आणि अंतर्गत तक्रार समिती त्यासाठीच आहेत. देशव्यापी रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे १८००-१८०-५५२२. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

सावरायचं कसं?

१. आधी झोप. पहिले काही दिवस मोठे निर्णय, भांडणं आणि अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवा. साठलेली झोप एका रात्रीत भरून निघत नाही.

२. कुणाला तरी सांगणं. स्वतःच्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला अनेकांना संकोच वाटतो, कारण तिथे आपलेच मित्र ड्युटीवर असतात. मग बाहेरच्या गावचा डॉक्टर पाहा किंवा टेली-मानसला फोन करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे.

३. रजा मागणं. ठरलेल्या रजेपेक्षा जास्त रजा झाली तर नियमानुसार अभ्यासक्रमाचा कालावधी तितक्या दिवसांनी वाढतो. परीक्षा लांबू शकते, पण सीट जात नाही. घरच्यांना हे अनेकदा माहीत नसतं. अर्ज लेखी द्या, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा आणि विभागप्रमुखांबरोबर अधिष्ठात्यांनाही प्रत द्या.

४. परतताना काही तरी बदलणं. ही पायरी बहुतेक वेळा वगळली जाते. आठवड्याला एक पक्की सुट्टी, नाइटनंतर दुपारपर्यंत सुटका, काही आठवडे हलकी पोस्टिंग, युनिट बदल, थिसिसच्या मार्गदर्शकाशी नवी मुदत. यातल्या एक-दोन गोष्टी मिळाल्या तरी फरक पडतो.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवतं. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. निरनिराळ्या उपायांनी डॉक्टरांमधल्या बर्नआउटचं प्रमाण सरासरी ५४ वरून ४४ टक्क्यांवर आलं होतं. २०१७ च्या दुसऱ्या आढाव्यात दिसलं की डॉक्टरला ध्यान किंवा ताण-नियंत्रण शिकवण्यापेक्षा रुग्णालयाने कामाची रचना बदलली, तर परिणाम जास्त होतो. योगवर्ग वाईट नाही. पण १०१ तासांच्या आठवड्यात तो एकशेदुसरा तास ठरतो.

सीट सोडायचीच झाली तर?

दोन वेगळे बॉण्ड आहेत, त्यांची गल्लत करू नका.

सेवेचा बॉण्ड: महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण केल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. ती टाळल्यास एमबीबीएसनंतर १० लाख आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर ५० लाख रुपये भरावे लागतात.

सीट सोडण्याचा बॉण्ड: हा अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास लागतो. रक्कम आणि अटी प्रवेशाच्या वेळच्या माहितीपुस्तिकेत असतात. या दंडामुळे विद्यार्थी अडकून पडतात आणि त्यांचा ताण वाढतो, म्हणून तो रद्द करावा, असं एनएमसीने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कळवलं.

सोडण्याचा निर्णय चूकच असतो असं नाही. काही जण शाखा बदलून पुन्हा प्रवेश घेतात आणि चांगलं काम करतात. फक्त तो निर्णय ३६ तासांच्या ड्युटीनंतर घेऊ नये. आधी झोप, मग सल्ला, मग बॉण्डचा कागद आणि मग निर्णय, असा क्रम ठेवा.

घरच्यांनी काय म्हणावं?

‘आम्ही जमीन गहाण टाकलीय’, ‘लोक काय म्हणतील’, ‘अजून दोनच वर्षं काढ’ ही वाक्यं रागाने नाही, काळजीने येतात. पण ऐकणाऱ्याला त्यातून परतीची वाट बंद झाल्यासारखी वाटते. त्याऐवजी विचारा:

- ‘शेवटची नीट झोप कधी झाली, बाळा?’
- ‘आज जेवलास का? मी येऊ का डबा घेऊन?’
- ‘पैशांचं आपण बघू. आधी तू ये.’

आत्महत्येचा संशय आला तर थेट विचारायला घाबरू नका. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका. रूममेटला कळवा, कुणीतरी लगेच निघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि पेशंटचे नातेवाईक?

एका पेशंटबरोबर दहा जण वॉर्डात शिरले की निवासी डॉक्टरला तेच उत्तर दहा वेळा द्यावं लागतं. घरातला एकच माणूस बोलायला ठेवा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत न्या. साधी तक्रार असेल तर गावच्या आरोग्य केंद्रात किंवा वडूजच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवा. उशीर झाला, उद्धट उत्तर मिळालं, तर तक्रार जरूर करा, पण ती वैद्यकीय अधीक्षकांकडे. डॉक्टरवर हात उचलणं हा २०१० च्या राज्य कायद्यानुसार तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

कॅज्युअल्टीतल्या त्या डॉक्टरच्या टेबलावर बहुतेक वेळा थंड झालेला चहा असतो. तो पिऊ द्यायला दोन मिनिटं लागतात.

मदत हवी असल्यास: टेली-मानस, १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनाही ती तितकीच खुली आहे. ड्युटीवरच्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला याची गरज असेल, तर हा नंबर आजच पाठवा.